पाठमोरी एउलालिया

आमच्या गावात नव्या घराचं छप्पर चढलं, की घरातल्या सगळ्या नातलगांची चित्रं काढलेली लांब फळी आढ्याला बांधतात. फळी द्यायची घरच्यांच्या मानलेल्या भावानं आणि रंगवायची गौदेन्सियोमामांनी. मामा आमचे शेजारी. त्यांच्या अंगणात पांढऱ्या मातीचा हात दिलेली फळी वाळताना दिसली, की कुणाचं तरी घर पुरं होत आलं म्हणून समजायचं.

फळी खालून वर रंगवतात. सगळ्यात खाली मरियामाता. तिच्यापुढे मामा आधी हात जोडतात आणि मग जळक्या काडीनं पहिली रेघ ओढतात. तिच्यावर घरचं जोडपं, मग आईबाप, भावंडं, टोकाला सूर्य. कुणी नांगर धरलेला, कुणी सूत कातणारी. जवळचं एखादं माणूस वगळलं तर घराला कमीपणा येतो.

यंदा प्रिमितिवाचं घर पुरं होत आलं. तिच्या मानलेल्या भावानं फळी रंगवायला सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी तिची थोरली बहीण एउलालिया मामांच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"मला त्या फळीवर काढायचं नाही, मामा. सांगून ठेवते."

"का गं बाई?"

"मी जिथं पावटा लावायचे, तिथंच घर बांधलं तिनं. एका शब्दानं विचारलं नाही. आईची जमीन काय तिच्या एकटीची? त्या घरात मी पाय टाकायची नाही. मग आढ्याला कशाला लोंबकळू?"

"सख्खी बहीण गाळली तर गाव मला काय म्हणेल?"

"मग पाठमोरी काढा! तोंड दाखवायचं नाही मला तिला."

आणि गेलीसुद्धा. मी कुंपणाशी बटाटे निवडत होते. मला हसू आवरेना. मामा मात्र विचारात पडले. त्यांनी काय, त्यांच्या वडिलांनीही कधी कुणाला पाठमोरं काढलं नव्हतं.

"रागात बोलली ती," मी म्हटलं. "काढा की तोंड."

"तोंड सोपं असतं गं. ते तर मी सगळ्यांचं सारखंच काढतो. माणूस ओळखू येतं ते उभं कसं राहतं त्यावरनं. तिची पाठ आहे, तर पाठच काढतो. उगाच हसरी कशाला रंगवू?"

मग मामा झऱ्याच्या वाटेवर बसायला लागले. एउलालिया घागर घेऊन गेली की मागून बघत राहायचे. मामी चिडवायच्या, "या वयात बायकांच्या मागे लागलेत! देवा, सांभाळ रे बाबा."

कोंबडीच्या पिसानं ते तिच्या शालीच्या रेघा ओढत होते, तेव्हा मी विचारलं, "चुलीच्या धुरानं हे सगळं काळं पडणार. मग एवढा जीव कशाला ओतता?"

"पडू दे. तोवर घरच्यांच्या डोळ्यांत बसलेलं असतं. आणि काढताना मला बरं वाटतं, ते कुठं जातं?"

छपराच्या दिवशी पावा-ढोल वाजवत फळी आली. भिंतीला टेकवून लोक खालून एकेक माणूस ओळखायला लागले. एउलालिया लोकलाजेस्तव आली होती, पण उंबऱ्याबाहेरच उभी होती.

पाठमोऱ्या बाईपाशी बोट आलं आणि एक म्हातारी ओरडली, "अगं, ही तर एउलालिया! पाठसुद्धा भांडतीय बघा!"

सगळे हसले. प्रिमितिवा हसली नाही. ती जवळ जाऊन बघत राहिली.

"डावा खांदा खाली आलाय," ती म्हणाली. "लहानपणी मला पाठीवर शालीत बांधून हिंडायची ना ताई. मी जडही होते."

"कुठं खाली आलाय? बघू!" एउलालिया माणसांतून वाट काढत सरळ आत आली. फळीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, माझी वेणी एवढी बारीक?"

"काळा रंग संपला होता, बाई."

"ताई," प्रिमितिवा हळूच म्हणाली, "विचारायला हवं होतं मी."

"हवंच होतं."

"मागच्या अंगणात ऊन चांगलं येतं. पावटा तिथं लाव."

प्रिमितिवानं पुढे केलेलं मक्याच्या दारूचं भांडं एउलालियानं घेतलं, दोन थेंब भुईला वाहिले आणि बाकीचं प्यायली. मग मामांकडे वळून म्हणाली, "आता तोंड फिरवा माझं."

"रंग वाळलाय. आता राहा तशीच."

"बघा मेलं!" म्हणत ती चुलीकडे गेली आणि वाढायलाच लागली. मी मनातल्या मनात मरियामातेला नमस्कार केला.

पुरुषांनी फळी आढ्याला बांधली. मामा खाली उभे राहून, मान वर करून बघत होते.

"झालं का मनासारखं?" मी विचारलं.

"छान झालंय," मामा म्हणाले. "तिच्या चपला तेवढ्या काढायच्या राहिल्या."

आणि एउलालियानं दिलेला रश्श्याचा वाडगा घेऊन ते तिथंच भिंतीला टेकून बसले.