हौहौ मॅडम

विद्यानगरातल्या एका कोचिंग संस्थेत, चौकशीच्या काउंटरवर, त्रिवेणीला नोकरी लागली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो तिच्या सासूला, कुसुमताईंना. नात रसिका कॉलेजात गेल्यावर सून पहिल्यांदाच बाहेर पडत होती, आणि वर तिची मॅनेजर मराठी निघाली होती. वंदना पुण्याची, नवऱ्याच्या कंपनीमुळे हैदराबादला आलेली. "आपलं माणूस हाय, आता काळजी नाही," असं कुसुमताई मलकपेठेतल्या शेजारणींना सांगत सुटल्या.

त्रिवेणीचं माहेर-सासर दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. दख्खनी आणि तेलुगू तिच्या मराठीत इतकी मुरलेली, की कुठला शब्द कुठून आला हे तिला सांगता आलं नसतं.

पहिल्याच आठवड्यात वंदनानं विचारलं, "पालकांना फोन झाले का सगळे?"

"हौ मॅडम, झाले की. एकजण उचलत नाही, काय की."

वंदना खळखळून हसली. "किती गोड! परत म्हण ना."

त्रिवेणीनं परत म्हटलं. तीही हसली.

मग ते रोजचं झालं. कुणी बाहेरचं आलं, की वंदना तिला बोलावून घ्यायची आणि बोलायला लावायची. एकदा त्रिवेणी काउंटरवरून घरी सासूशी फोनवर बोलत होती. "हौ आत्याबाई, येते की लवकर. स्टुलावर चढू नक्को, पडचाल." वंदनानं ते गुपचूप रेकॉर्ड केलं आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या लावण्या नावाच्या पोरीच्या मोबाइलची रिंगटोन तीच झाली. त्रिवेणीचं नाव पडलं 'हौहौ मॅडम'. ऑफिसातल्या पोरी स्वतः दिवसभर 'हो'च्या जागी हौच म्हणायच्या. पण हसणाऱ्यांच्या बाजूला उभं राहिलं की आपल्यावर कुणी हसत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"मॅडम, ग्रुपवरचं ते काढून टाका ना," एकदा धीर करून त्रिवेणी म्हणाली.

"अगं, गंमत आहे! इतकी काय मनाला लावून घेतेस?" वंदना म्हणाली. त्या दिवसापासून डबा खाताना टेबलाशी तिच्यासाठी खुर्ची उरेनाशी झाली. ती आली की बोलणं थांबायचं, ती वळली की पाठीमागे हसू फुटायचं.

बाथरूमला जायची वाट चहाच्या कोपऱ्यावरून होती. तिथं कायम कुणीतरी उभं असायचं, आणि ती जाता-येता हमखास ती रिंगटोन वाजायची. म्हणून त्रिवेणीनं जाणंच सोडलं. जायला लागू नये म्हणून पाणी पिणं सोडलं. सकाळी घरून निघताना घेतलेल्या चहावर ती संध्याकाळपर्यंत काढायची.

रविवारी दुपार कलली की तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची. झोपेत दात आवळून सकाळी जबडा ठणकायचा, फणीत केसांचे पुंजके यायचे. लघवीला जळजळ होत होती, कंबर धरली होती. हे सगळं वयाचं असेल असं तिनं स्वतःला समजावलं. घरातही ती गप्प झाली. काही बोलण्याआधी शब्द मनात तपासायची, आणि तोवर बोलायची इच्छाच निघून जायची.

तिचा नवरा प्रशांत याचं अफझलगंजला हार्डवेअरचं दुकान. त्याला तिनं एकदा सांगून पाहिलं.

"हसण्यावारी ने ना," तो पावत्यांतून मान वर न करता म्हणाला. "दुकानात मला काय कमी चिडवतात?"

तिनं पुन्हा विषय काढला नाही.

एका दुपारी काउंटरवरच तिला हुडहुडी भरली आणि बोलता बोलता ती कोसळली. दवाखान्यात कळलं, की लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला आहे. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगात पाणीच नाही. का पीत नव्हतात?"

त्रिवेणीनं खोटं सांगायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर आला. मग तिनं सगळं सांगितलं. कुसुमताई खाटेजवळ बसून ऐकत होत्या, प्रशांत दारात उभा होता.

डॉक्टर गेल्यावर कुसुमताई म्हणाल्या, "मला ऐकव ते."

"नक्को आत्याबाई."

"ऐकव म्हणते ना."

त्रिवेणीनं मोबाइलवर ते रेकॉर्डिंग लावलं. कुसुमताईंनी कान देऊन शेवटपर्यंत ऐकलं. कपाळाला आठ्या घालून त्या म्हणाल्या, "तू मला पडचाल म्हणून सांगालीस. ह्यात हसायसारखं काय हाय ग?"

प्रशांत बाहेर निघून गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "मी ऐकायला पाहिजे होतं," एवढंच तो म्हणाला.

बरी झाल्यावर त्रिवेणी संस्थेच्या संचालकांसमोर जाऊन बसली. सोबत प्रशांत होता, पण बोलली ती. वंदनाला आत बोलावलं गेलं.

"मी तर प्रेमानं म्हणायचे, सर," वंदना म्हणाली. "आमच्यातलीच ना ती."

"मी आजारी पडले मॅडम," त्रिवेणी म्हणाली. "सगळ्यांसमोर ते रेकॉर्डिंग पुसा."

ते पुसलं गेलं. संचालकांनी दोघींना हात मिळवायला लावला आणि प्रकरण मिटलं असं जाहीर केलं. त्यानंतर तिला कुणी चिडवलं नाही. तिच्याशी कुणी बोललंही नाही. कामाचे निरोप चिठ्ठीवर यायचे. वंदना तिच्या समोरून अशी जायची, जणू ती खुर्ची रिकामी आहे. दोन-अडीच महिने काढून तिनं राजीनामा दिला.

आता ती मलकपेठेतच एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते. तिथली माणसं बरी आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जाते, गोळ्यांनी झोप लागते, केसही परत यायला लागलेत. तरी कुठं चारजण एकदम हसले, की तिचे तळहात गार पडतात. ते तिच्याकडे बघतही नसतात, हे तिला दिसतं, पण हातांना ते पटत नाही.

परवा कामावर असताना लावण्याचा मेसेज आला. लिहिलं होतं, की आता वंदना मॅडमनी तिला धरलंय, तिच्या चालण्याची नक्कल करतात, मागचं सगळं चुकलं, एकदा बोलाल का? पाठोपाठ फोनही आला. त्रिवेणीनं मोबाइल हातात घेतला. तिला राग आला नव्हता, पोरीचं काय होत असेल हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण उचलायला अंगठा पुढे होईना. फोन वाजून वाजून बंद झाला.

बऱ्याच वेळानं तिनं आपल्या मनोविकारतज्ज्ञांचा पत्ता आणि नंबर लावण्याला पाठवला, खाली 'लवकर जा' एवढं लिहिलं, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.