डावी बाही

"उणं झाकायला आम्ही असतो, दाखवायला आरसा आहेच की," असं मास्तर एकदा म्हणाले होते. समोरच्या गिऱ्हाइकाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता आणि मापापुरता तरी ताठ राहायची त्या बिचाऱ्याची धडपड चालली होती. मास्तरांनी त्याला सांगितलं, "साहेब, नेहमीसारखे वाकडे उभे राहा. सरळ उभं राहायचं काम कोटावर सोपवा." गिऱ्हाईक हसलं. मास्तर हसले नाहीत. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

दुकान म्हणजे गल्लीच्या वळणावरची एक खोली. पुढं काच, मध्ये पडदा. पडद्यामागं घर: दोन खाटा, शेगडी, आणि समोरच्या इमारतीची भिंत दाखवण्यापलीकडे काही न करणारी एक खिडकी. दिवसभर मास्तर परक्या माणसांच्या इतक्या जवळ उभे राहत की त्यांचा श्वास कपाळाला लागे. कुणाची छाती दर वर्षी आत चालली आहे, कुणाचं मनगट दुखण्यानं वाळलं आहे, सगळं बोटांना कळे. पण मापाची फीत गळ्यात परत गेली की बोलायला काही उरत नसे. समोर इस्त्रीचं दुकान चालवणारी मावशी म्हणायची, "मास्तर, त्या टाचण्या काढा तोंडातल्या. म्हणजे दोन शब्द तरी बाहेर पडतील." मास्तर टाचण्या काढत. शब्द काही बाहेर पडत नसत.

ते अडकले होते भिंगरीच्या जन्मापासून.

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून ते नाव पडलं, आता ती आठ वर्षांची आहे. ती पोटात असताना तिच्या आईला साखरेचा त्रास होता आणि बाळ अंगानं मोठं असल्याचं तपासणीत आधीच दिसलं होतं. "सिझर करावं लागेल असं दिसतंय," असं डॉक्टरीणबाई स्वतःच म्हणाल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्या दुसऱ्या दवाखान्यात होत्या. शिकाऊ डॉक्टर फोन करत राहिली आणि फोनवरून "थांबा, होईल नीट" एवढंच येत राहिलं. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. मग ओढलं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणून तुटल्या आणि डावा हात जन्मतःच लुळा झाला. सगळं झाल्यावर डॉक्टरीणबाई आल्या, बाळाकडे पाहिलं, आणि बाळंतिणीला म्हणाल्या, "तुम्ही जोर लावला नाहीत, म्हणून हे झालं."

कपड्यात विसरलेली टाचणी असते ना, उभं असताना काही नाही, बसलं की टोचते, तसं ते वाक्य तिच्यात राहिलं. भांडी घासताना मध्येच हात थांबवून ती म्हणायची, "अहो, मी लावला होता हो जोर."

"लावला होतास."

"तुम्ही कुठं होतात आत?"

हे खरं होतं. मास्तर बाहेर बाकावर होते. पुढं भिंगरी तीन वर्षांची असताना साध्या तापाचं निमित्त होऊन तिची आई गेली. तिचे कपडे मास्तरांनी देऊन टाकले. वाक्य देता येत नव्हतं, ते घरातच राहिलं.

मास्तरांना येत होतं ते त्यांनी केलं. भिंगरीचा डावा हात उजव्यापेक्षा आखूड आणि बारीक राहिला, खांदा पुढं झुकला, कोपर पुरतं सरळ होईना. मास्तर तिच्या फ्रॉकच्या खांद्यात आतून कापसाची गादी बसवत, डावी बाही वेगळ्या उताराची कापत, चुणी अशी टाकत की कोपराचा बाक कापडाचाच वाटावा. वर्गात नवीन आलेल्या बाईंना महिनाभर पत्ता लागला नव्हता. भिंगरी घरी येऊन नाचत म्हणाली, "बाबा, बाईंना कळलंच नाही!" त्या दिवशी मास्तर पोटभर जेवले.

मग एकदा मोठ्या शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिचा हात तपासला आणि सहज बोलून गेले, "हे टाळता आलं असतं. खांदा अडकला की कसं सोडवायचं याची रीत असते. आईच्या जोर लावण्या न लावण्याचा यात संबंधच नाही." परतताना मास्तर गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. ज्या माणसाला हे सांगायला धावत जायचं, ते माणूस घरी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते एका वकीलबाईंकडे गेले. ऑफिस दाताच्या दवाखान्याच्या वर, खालून यंत्राची किरकिर. "घाबरू नका," वकीलबाई म्हणाल्या, "दात खाली काढतात. मी फक्त अक्कलदाढेचं बघते." मग त्यांनी नीट समजावलं. पोलिसात गेलं तर घोर बेफिकिरी सिद्ध करावी लागते, ते फार अवघड. डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार केली तर परवान्यावर येऊ शकतं, पण मुलीच्या हाती काही पडत नाही. भरपाईचा दावा लावला तर जन्मभराच्या उपचारांची सोय होऊ शकते, मात्र तज्ज्ञांचं मत लागतं आणि वर्षं जातात. राहिली तडजोड.

"आणि हे लक्षात ठेवा, मास्तर. दावा तुमचा नाही, मुलीचा आहे. तुमची मुदत कधीच सरली. तिची मुदत ती सज्ञान होईपर्यंत खोळंबून राहते. तुम्ही तडजोडीवर सही केलीत, वर कोर्टाचा शिक्का बसला, की तिचाही हक्क संपला. नाही केलीत तर मोठी झाल्यावर ती स्वतः उभी राहू शकते."

"मला एवढंच हवंय," मास्तर म्हणाले, "त्यांनी ते वाक्य मागं घ्यावं."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "पैसे मिळतील, मास्तर. पैसे विमा कंपनी देते. शब्द स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात."

तरी त्यांनी खटपट केली. तडजोडीच्या बैठकीला डॉक्टरीणबाई स्वतः हजर राहतील, एवढं कबूल करून घेतलं. मास्तरांकडे एकच गोष्ट मागितली: मुलीचे फोटो, दर वर्षाचा एक, हात दिसेल असा.

आणि इथं मास्तरांनी चूक केली. कपडे शिवणाऱ्यानंच करावी अशी. शाळेच्या संमेलनातला, सहलीतला, वाढदिवसाचा, असे एकेक फोटो त्यांनी निवडून काढले, आणि ज्यात फ्रॉक अंगावर चोख बसला होता तेच नेमके पाकिटात घातले. हात दिसतच होता की. बाहीत होता. वकीलबाई कामाच्या गर्दीत होत्या, त्यांनी पाकीट तसंच पुढं पाठवलं. लक्षात आलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला आणि निरोप धाडला, "बैठकीला मुलीला बिनबाह्यांचा फ्रॉक घाला."

मास्तरांनी कापड पसरलं, खडूनं आखलं. बाही नसलेला फ्रॉक ही शिकाऊ पोरांना देण्याजोगी गोष्ट. पण कात्री खांद्यापाशी आली की वळे. एक कापड वाया गेलं, दुसरं गेलं. बैठकीच्या दिवशी भिंगरी निळ्या फ्रॉकमध्ये निघाली. दोन्ही बाह्या सारख्या, दोन्ही खांदे सारखे. इतका सुरेख फ्रॉक मास्तरांनी आजवर शिवला नव्हता. तिला बघून वकीलबाई जिन्यातच थबकल्या. "मास्तर, अहो, काय हे!" मास्तरांनी भिंगरीच्या बाहीवरची चुणी नीट केली.

खोलीत लांबट टेबल होतं. मधोमध मध्यस्थ, निवृत्त न्यायाधीश, कानाला यंत्र लावलेले. पलीकडे दवाखान्याचा वकील आणि डॉक्टरीणबाई. त्यांचे केस पिकले होते. मास्तरांना त्या कितीतरी उंच आठवत होत्या.

दवाखान्याच्या वकिलानं फोटो पत्त्यांसारखे मांडले. "हे त्यांनीच दिलेत. मुलगी नाचतेय, धावतेय. आजही समोर बसली आहे. मला तरी काही वावगं दिसत नाही."

मध्यस्थ वकीलबाईंकडे बघू लागले, वकीलबाई मास्तरांकडे. कुणीतरी म्हणायला हवं होतं, बाळ, फ्रॉक काढ. मास्तर फोटोंतल्या बाह्या बघत राहिले.

भिंगरीनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "बाबा, तूच उसव ना. घरी गेल्यावर परत शिवशील."

टाके उसवायची छोटी कात्री मास्तरांच्या खिशात नेहमीच असे. मानेच्या कडेनं त्यांनी सुरुवात केली. कात्रीचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, यंत्रवाल्या कानालासुद्धा. बाही सुटली. खांद्यातली कापसाची गादी बाहेर आली आणि तिच्याखालचा खांदा एकदम लहान झाला. बाकदार कोपर, आत वळलेला तळवा, उजव्या हाताच्या धाकट्या भावासारखा दिसणारा हात. भिंगरीनं तो झाकला नाही. ती डॉक्टरीणबाईंकडे बघत होती, नवीन बाईंकडे बघावं तशी.

दवाखान्याच्या वकिलानं फोटो गोळा केले. तो बाहेर जाऊन फोनवर बोलून आला आणि पहिल्यापेक्षा बराच मोठा आकडा सांगितला. जन्मभराचे व्यायाम, शस्त्रक्रिया, शिक्षण, सगळं त्यात बसत होतं. कागद पुढं आला. चूक कुणाचीही नाही, हे त्यात दुसऱ्याच ओळीला होतं.

मास्तरांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ते प्रथमच बोलले. "बाई, हिच्या आईला तुम्ही म्हणाला होतात, तिनं जोर लावला नाही म्हणून झालं. तसं नव्हतं, एवढं म्हणा. कागदावर नको. इथंच म्हणा."

दवाखान्याचा वकील काही बोलणार होता, मध्यस्थांनी त्याला हातानंच थांबवलं. मास्तर वाट बघत होते. आपण तेव्हा बाहेर बाकावर अशीच वाट बघत बसलो होतो, असं त्यांना वाटलं.

"खूप वर्षं झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी काय म्हणाले, मला खरंच आठवत नाही." त्यांची नजर टेबलावर सुटून पडलेल्या निळ्या बाहीवर गेली. त्यांनी ती दोन बोटांत उचलली, शिवण उलटून पाहिली. "काम मात्र फार सुबक आहे हो तुमचं. काही कळतच नव्हतं."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं. वकीलबाईंनी कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंच्या बोटांतून बाही काढून घेतली, घडी करून खिशात घातली. कापसाची गादी तिथंच राहू दिली. मग भिंगरीचा उघडा डावा हात हातात धरून ते दार उघडून बाहेर पडले.