बॉयलरचा काही दोष नव्हता

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या हातची इस्त्री म्हणजे काय विचारता! कॉलर अशी बसवतील की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ. लाँड्री आमची दोघींची. पुढे मी गिऱ्हाइकांशी हुज्जत घालते, मागे त्या वाफेची इस्त्री चालवतात.

पन्नाशीनंतर त्यांची पाळी गेली. "सुटले गं बाई!" म्हणाल्या. सुटताहेत कसल्या! अंगातून एकाएकी जाळ उठायला लागला, तोंड लालबुंद, पाठ घामानं निथळतेय. दुसऱ्या कुणा बाईला लगेच कळलं असतं. पण आम्ही पडलो लाँड्रीवाल्या, उकडलं की दोष बॉयलरचा! व्हॉल्व्ह बदलला, पाइपांना नवं आवरण घातलं, मिस्त्रीला सारखं बोलावलं. शेवटी तोच वैतागला. "अहो, बॉयलर सकाळपासून बंद आहे. हात लावून बघा, गार पडलाय. तुम्हाला कशाचा घाम येतोय?" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

मी पोट धरून हसले. जाऊबाई मात्र रडायला लागल्या. झोप उडालेली, त्यात घामाचा थेंब पडून एका रेशमी झग्यावर डाग उठला होता. "माझ्याच्यानं आता होत नाही. इस्त्री सोडते मी." ज्या बाईला हातात इस्त्री नसली की करमत नाही, ती घरी बसून काय करणार?

ओढतच नेलं डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी अंगाला चिकटवायच्या हार्मोनच्या पट्टीचं नाव काढताच सोबत आलेले भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, उसळले. "त्यानं कॅन्सर होतो!" कुणी सांगितलं म्हणे? मित्राच्या बायकोच्या मैत्रिणीनं. झालं, वेदवाक्यच ते!

डॉक्टरीणबाई बिचाऱ्या शांत. म्हणाल्या, "अंगातला जाळ आणि घाम यांवर याच्याइतका गुण दुसऱ्या कशाला नाही. झोप सुधारते, हाडंही टिकतात. पण धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. पट्टीतलं हे इस्ट्रोजेन नुसतंच दिलं तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला कॅन्सर होऊ शकतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉनची गोळी घ्यायची. दोन्ही वर्षानुवर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. इस्ट्रोजेनच्या गोळीनं रक्तात गुठळी होण्याची भीती असते, पट्टीनं ती कमी. तुम्हाला यातलं काही आधी झालं असतं तर मी सुचवलंच नसतं. अंगावरून रक्त गेलं तर तडक इकडे यायचं. आणि पट्टीपासून इस्त्रीची धग लांब ठेवा."

तपासण्या झाल्या, ठीक आल्या. जाऊबाईंनी चार दिवस विचार केला. मग म्हणाल्या, "घेते. सगळं कळून-सवरून घेतेय, उद्या कुणी मला बोलायचं नाही."

महिना-दोन महिन्यांत जाळ निवला. बाई रात्रभर घोरायला लागल्या, आणि रेशमी कपडे त्यांनी पुन्हा आपल्याकडे ओढून घेतले. मला असं बरं वाटलं म्हणून सांगू!

वर्षानं पुन्हा तपासणी. औषध चालू ठेवायचं की कमी करायचं, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भाऊजी पुन्हा पुढे! "आता बरी आहेस ना? मग सोड. थोडा का होईना, धोका आहेच."

"आहेच," जाऊबाई म्हणाल्या. "तो मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. पण मागच्या वर्षी सकाळी उठून तुमचं तोंड बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. आता तुम्ही पुन्हा आवडायला लागलात."

भाऊजी कानापर्यंत लाल झाले. बाहेर पडल्यावर मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "ती पट्टी संपायच्या आत आणून ठेवायची असते ना गं? कुठल्या दुकानात मिळते?"