ताईजींचा चढ

ताईजी स्वतःचं वजन नावाच्या आधी सांगायच्या. सदर बाजारातल्या सायकलच्या दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी मालकाला सांगून टाकलं, "भैया, एक सौ आठ किलो की हूँ। अब ऐसी बैटरी वाली साइकिल दिखाओ जो मुझे देखकर रोए नहीं।" मालक बिचारा ओशाळला. "अरे नहीं मैडम, आप कहाँ इतनी..." असं काहीतरी पुटपुटला. मी तर मान खाली घालून तिथल्या एका घंटीशी चाळा करत उभी राहिले. तिथे लाज वाटत नव्हती ती फक्त ताईजींना.

ही सवय त्यांना नानांमुळे लागली. नाना म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. "लोड किती, चढ किती, हे सांगितल्याशिवाय इंजिन मागू नये," हे त्यांचं वाक्य ताईजींनी सगळ्या संसाराला लावलं होतं. घाटात गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. घरी हळदीकुंकू असलं, की मला निरोप यायचा, "अगं, जरा बँकर म्हणून ये."

आम्ही दोघी टेकडीवरच्या एका लहानशा हिंदी शाळेत शिकवायचो. ताईजींकडे पहिली. ऑटो टेकडीखाली सोडायचा आणि पुढचा चढ पायी. ताईजींचे गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांची प्रार्थना रोज चुकायला लागली. हेडसर भला माणूस, पण एक दिवस म्हणालेच, "ताईजी, दिवाली के बाद आप नीचे वाली ब्रांच में आ जाइए।" खालच्या शाखेत फक्त मोठे वर्ग. दिवाळीनंतर शाळेच्या पहिल्याच दिवशी प्रार्थनेला वेळेवर पोचून दाखवते, अशी मुदत ताईजींनी कशीबशी मागून घेतली. "पहिलीची पोरं सोडायची म्हणजे जिवावर येतं गं," एवढंच त्या मला म्हणाल्या आणि डबा न उघडताच उठल्या. डबा न खाता उठलेल्या ताईजी मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

स्कूटर त्यांना येत नव्हती. सायकल मात्र भुसावळला लहानपणी शिकलेली, म्हणून बॅटरीच्या सायकलचा घाट घातला. दुकानदाराने गुळगुळीत रस्त्यावर चालवून बघा म्हटलं, तर ताईजींनी त्याला सायकलींसकट आमच्या चढावर आणलं. पहिली सायकल दिसायला नाजूक, मोटर मागच्या चाकात. अर्ध्या चढावर तिने कण्हून प्राण सोडला. दुसरीची चाकं जाड, मोटर पायडलपाशी, गिअर हलके. ती ताईजींना घेऊन तोंडातून ब्र न काढता वर आली. दुकानदार बिल करायला निघाला, तर ताईजी म्हणाल्या, "रुको भैया, अभी उतरना बाकी है। चढ़ाने को मोटर है, रोकने को कौन है?" तीनदा उतरून, मधेच थांबून ब्रेकची खात्री झाली, तेव्हा कुठे सायकल घरी आली.

इतकं सगळं पारखलं आणि माती खाल्ली ती पूजेत. लक्ष्मी तालाच्या काठावरच्या महालक्ष्मीला सायकल दाखवून आणली. मग पेढे खाऊन कॉलनीतल्या झाडून सगळ्यांनी एकेक फेरी मारली. घरी ताईजींच्या सासूबाईंनी नेमकं चार्जिंगच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि बजावलं, "उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही." कुणीही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्याच दिवशी, हेडसर फाटकात उभे आणि सायकल अर्ध्या चढावर ठप्प. तेवढ्यात वरून पहिलीची पोरं धावत सुटली. "मैडम जी, धक्का लगाएँ का?" ताईजी हँडल धरून चालताहेत, मागून अख्खा वर्ग सायकल ढकलतोय, आणि जिला सायकलला जागा मिळाली नाही ती एक चिमुरडी ताईजींनाच ढकलतेय, अशी वरात फाटकात पोचली. "सर, गाड़ी अच्छी है," ताईजी धापा टाकत म्हणाल्या, "कुंकू के चक्कर में चार्ज नहीं की। आज बँकर से काम चलाया।" हेडसर चष्मा काढून हसत सुटले. "अच्छा, कल देखते हैं।" दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा ताईजी फाटकात घंटी वाजवत उभ्या होत्या. खालच्या शाखेचा विषय पुन्हा निघाला नाही.

यंदा ताईजी निवृत्त झाल्या. नानांना घेऊन मुलीकडे नागपूरला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मी अर्ध्या चढावर त्यांची वाट पाहत होते. सायकल आली आणि बरोबर त्याच जागी ठप्प झाली. "चार्ज नाही केली?" मी विचारलं. "नाही केली," ताईजी शांतपणे म्हणाल्या, "मुद्दामच."

वरून पोरं धावत आली. तेव्हाची पहिली आता पाचवीत गेलेली, तीही आली. सगळ्यांनी हात लावले. मीही पदर खोचून मागचं कॅरिअर धरलं. पण खरं सांगते, माझ्याच्याने ढकलवेना. फाटक जवळ यायला लागलं तशी मी सायकल मागेच ओढून धरली.

ताईजी वळल्याच नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "अगं, ब्रेक सोड."