कडब्याच्या गंजीजवळची चूल

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. आमच्या रानातल्या मुक्कामांबद्दल कुणी विचारलं की पत्रावळींचं सांगायचो, आंबिलीचं सांगायचो, आणि शेवटच्या सकाळपाशी आलो की विषय बदलायचो. ज्याच्यापुढे हे बोलायला हवं होतं तो आता राहिला नाही. म्हणून कागदावर.

मी नांदेडला शाळेत शिकवत होतो. आमच्या कॉलनीत सगळे बेताच्या पगाराचे. महाबळेश्वर, गोवा आम्ही दुसऱ्यांच्या फोटोंत पाहायचो. पोरं विचारायची, आपण कुठं जायचं? त्यावरून मला सुचलं. माझ्या मेहुण्याचं उदगीरजवळ शेत होतं. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, तिकडे सगळं गाव रानात जेवायला जातंच. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप उभारायची, आत पांडव पुजायचे, मिश्र भाज्यांची भज्जी आणि भाकरी खायची, वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं. दिवस कलला की गाव परततं. आम्ही परतायचं नाही, एवढंच मी ठरवलं. तंबू नको, हॉटेल नको. त्याच कोपीत आणि झाडाखाली दोन दिवस मुक्काम.

नियम माझे. प्लास्टिक आणायचं नाही. पळसाच्या पत्रावळीवर जेवायचं, ती जनावरांना किंवा खतात टाकायची. ओलं लाकूड तोडायचं नाही, तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक करायचा. आणि पाणी जपायचं, कारण विहीर तळाला गेलेली असायची. चुलीवरसुद्धा पाणी ओतायचं नाही, निखारे मातीनं झाकायचे.

शेजारच्या वहिनी चिडवायच्या, "सर, तोंड धुवायला तरी पाणी मिळंल का, का तेबी मातीनंच?"

सगळे हसायचे. मीही. पण मनातून मला त्या नियमांचा फार अभिमान होता. शाळेतले लोक कौतुक करायचे, एवढ्या कमी खर्चात आणि निसर्गाला धक्का न लावता सुट्टी, म्हणायचे. ते ऐकायची मला सवय लागली होती.

शेतावर मेहुण्याचा सालगडी होता. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला. तो आणि त्याची बायको आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायचे. घर त्याचं गावाच्या त्या टोकाला, निळ्या झेंड्याच्या वस्तीत. आम्ही आलो की तो बायकोला म्हणायचा, "घरदार असून भुईवर निजायला आल्येत बघ. लई हौस." पण बाज आणून द्यायचा तोच.

त्या वर्षी वारा होता. चूल पेटेना. मीच ती मोडून कडब्याच्या गंजीच्या आडोशाला नवी खणली. खरिपाच्या ज्वारीचा कडबा होता, सगळ्या उन्हाळ्याची बैलांची वैरण. निघायच्या सकाळी मी निखाऱ्यांवर फावड्यानं माती ओढली, वरून पायानं दाबली. सगळ्यांनी फोटो काढले. मागे कागदाचा कपटा राहिला नाही, हे मी दोनदा बोलून दाखवलं.

उदगीर गाठायच्या आधीच मेहुण्याचा फोन आला. "दाजी, गंजी पेटली."

बाकीच्यांना पुढे पाठवून मी मागे फिरलो. पोचलो तेव्हा गंजीच्या जागी काळा ढीग धुमसत होता. कोपही गेली होती. गावातली माणसं विहिरीवरून घागरी आणून गोठा भिजवत होती. माझी नजर आधी चुलीकडे गेली. माती एका बाजूनं उकरल्यासारखी उडाली होती. तिथून वाळल्या गवतातून एक काळा पट्टा निघाला होता, तो सरळ गंजीत शिरला होता.

मी चालत तिथं गेलो आणि चपलेनं त्या पट्ट्यावर माती सारली. हे मी विचार करून केलं नाही. पण केलं. मान वर केली तेव्हा सालगडी रिकामी घागर घेऊन माझ्याकडे पाहत उभा होता.

मेहुणा तरातरा आला, त्याला म्हणाला, "बिडी कुठं टाकलीस?"

"न्हाई मालक. आज बिडी लावलीच न्हाई."

"कानावर काय हाय मग ते?"

"पेटवली न्हाई ती. बगा की."

"मग गंजी आपोआप पेटली व्हय रं?"

जमलेल्यांतला एकजण म्हणाला, "त्याला इचारून काय फायदा? असं कुणी कबूल होतंय का?"

सालगडी त्या माणसाकडे वळलाच नाही. मलाच म्हणाला, "सरांना इचारा. सर म्हनतील ते खरं."

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळे थांबले. तेवढंच बोलायचं होतं, चूल माझी होती. मी म्हणालो, "आम्ही निघालो तेव्हा विस्तव पूर्ण विझला होता. मी स्वतः झाकला."

सालगड्यानं कानावरची बिडी काढून चुरगाळली आणि तो घागर घेऊन विहिरीकडे गेला.

पाडवा यायच्या आधीच त्याला काढलं. त्या उन्हाळ्यात मेहुण्यानं वैरणीअभावी बैलजोडी उदगीरच्या बाजारात नेऊन विकली, आणि गावात तेही सालगड्याच्याच नावावर जमा झालं. आसपासच्या कुठल्या शेतावर त्याला कुणी ठेवलं नाही. नवरा-बायको ऊस तोडायला कर्नाटकात गेल्याचं कळलं. आमचे मुक्काम मात्र चालू राहिले. पुढच्या वर्षी मी नियम बदलला, निखाऱ्यांवर पाणी ओतायचं. वहिनी म्हणाल्या, "सर सुधारले!" कारण कुणी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी तो उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतो असं समजलं. मी नांदेडहून बस धरली. वाटभर वाक्य जुळवत होतो. तो सोयाबीनच्या थप्पीजवळ बसला होता, पाठ वाकलेली. मला पाहून उठला.

"सर? हिकडं कसं काय? बसा की." त्यानं पोत्यावरची धूळ झटकली.

तेवढ्यात थप्पीवरून एक तरणा हमाल ओरडला, "ए आगलाव्या, पावणे आले का? आमालाबी च्या सांग!"

"सांगतो की," तो म्हणाला. वर्षानुवर्षं त्याच नावानं हाक ऐकत आल्यासारखी त्यानं ओ दिली. रागावला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

तिथं दहाबारा माणसं होती. त्या सगळ्यांसमोरच बोलायला हवं होतं. चहा आला. तो म्हणाला, "पोरंबाळं बरी हायत नव्हं?" मी हो म्हणालो. बैल गेले, मेहुणा गेला, असलं काहीबाही बोललो. पुन्हा येतो म्हणालो.

गेलो नाही. गुडघे, दवाखाना, पावसाळा, कारणं मिळत गेली. मग तो गेल्याचं कळलं. त्याच्या वस्तीवर गेलो. त्याची बायको दारात आली. तिनं ओळखलं, पाणी दिलं आणि विचारलं, "सर, काय काम काढलं?"

मी म्हणालो, "सहज."

बसमध्ये जुळवलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. विस्तव माझा होता. तुमची बिडी नव्हती. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलं नाही, मला विचारायला सांगितलंत, आणि मी खोटं बोललो. मला माफ करा.