अपील जिंकलं, पाइप तसेच

मंडळी, आज सकाळी माझ्या भाच्याने अपील जिंकलं. पेढे वाटून झाले, तरी माझं तोंड कडूच आहे.

गेल्या महिन्यात सहा तासांच्या कार रेसमध्ये तो दुसरा आला होता. गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारी पाइपांची चौकट तपासणीत नियमापेक्षा पातळ निघाली आणि तो बाद झाला. पाइप पलसाण्याच्या, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या भंगारातले. आतून वाफेने खाल्लेले, वरून लग्नघरासारखा रंग!

आज वकिलाने पाइपांबद्दल चकार शब्द काढला नाही. मोजणाऱ्या यंत्राच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, एवढंच दाखवलं. बाद केल्याचा निकाल रद्द.

मी म्हटलं, "आता तरी पाइप बदल रे."

"मामा, तुम्ही पण ना! बदलले तर चूक कबूल केल्यासारखं होईल. पेढा घ्या."

तपासणीवाले साहेब निघताना बाहेर उभ्या गाडीच्या एका पाइपावर टिचकी मारून गेले. पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला. सगळे हसले.

रविवारी आठ तासांची रेस आहे, त्याच गाडीत. मघाशी त्याच्या आईचा, माझ्या ताईचा फोन आला. "सगळं नीट झालं ना रे भाऊ?"

मी "हो" म्हटलं. तुम्ही काय म्हटलं असतं?