पत्रकातली दुसरी ओळ

आमच्या बैठकीचा नियम मीच घालून दिला होता. आधी काम सांगायचं. आजाराचं मागून, वेळ उरला तर.

आम्ही सगळे फिट येणारे. महिन्यातून एकदा हिंगोलीला गोळ्या घ्यायला येतो, तेव्हा दवाखान्याच्या आवारातल्या कट्ट्यावर तासभर बसतो. कधी सात जण, कधी बारा. औषधाच्या खिडकीवर आम्हाला 'फिटवाले' म्हणून हाक मारतात. शाळेत मला 'मिरगी' म्हणायचे. नववीत प्रार्थनेच्या रांगेत पडले त्या दिवसापासून दहावीच्या निकालापर्यंत मला दुसरं नावच नव्हतं. म्हणून हा नियम. इथं तरी माणसानं आपली ओळख कामावरून करून द्यावी. मी विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहून वाढलेली पोरगी. मुद्दा ठणकावून मांडला की अर्धं काम झालं, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं.

गोरेगावचा भाऊ आधी जीप चालवायचा. दुसरी फिट आली त्याच दिवशी त्यानं आपण होऊन किल्ली मालकाच्या हातात ठेवली. आता तो स्टँडवर उभा राहून ओरडून जीपा भरून देतो. "सगळ्यायला हिंगोलीला धाडतो अन् सोता तिथंच उभा," तो म्हणायचा. "एसटीच्या बोर्डावानी झालं माझं." आखाडा बाळापूरचे टेलर चाचा सत्तरीला आलेले. मशीनवर बसल्या बसल्या फिट आली आणि सुई बोटातून आरपार गेली, असं त्यांचं दोनदा झालेलं. ते बोट ते सगळ्यांना दाखवायचे, मेडल दाखवल्यासारखं.

आणि ताई. ताईचं काम सांगते, गाव सांगणार नाही. कळमनुरी तालुक्यातलं, एवढंच. का सांगणार नाही ते पुढं येईल.

"मी शाळंत लेकरायचं जेवण करते," ताई म्हणायची आणि पदर सारखा करून बसायची, जणू कुणी फोटो काढतंय. "तांदूळ निवडावं लागतंय. खडे लई. लेकराच्या दाताखाली खडा आला तर ते गुरुजीला सांगत न्हाई, मला आणून दावतं. 'मावशी, खडा.' असं तळहातावर."

"मंग तू काय करती?" भाऊ विचारायचा.

"काय करणार? घेते तो खडा. बक्षीस हाय माझं."

तिची गोळी साडेअकराची. लेकरांना वाढायच्या अर्धा तास आधी शिजवणारीनं आणि गुरुजींनी चव घ्यायची आणि वहीत सही करायची, असा शाळेतला कायदा. त्या चवीच्या घासासोबत ताई गोळी गिळायची. पाकीट मोहरीच्या डब्यात. घरी ठेवायची सोय नव्हती. सासूला माहीत नव्हतं, आणि नवऱ्याला माहीत होतं पण त्याचं म्हणणं, घरात गोळी दिसली न पाहिजे.

"अन् रविवारी?" मी विचारलं.

"रविवारी, सुट्टीत शाळंचं आंगण झाडायला जाते. चावी माझ्यापाशीच असती. गुरुजी म्हणत्यात, लई इमानदार बाई हाय!" आणि ती इतकी हसली की कट्ट्यावरचे बाकीचे पेशंट वळून बघायला लागले.

चार वर्षं तिला एकही फिट आली नव्हती. चार वर्षं ती शाळेतली चूल, तो डबा आणि तो घास धरून होती. ते कामही तिला सहज मिळालेलं नव्हतं. ताई बौद्ध. तिला कामावर घेतलं तेव्हा गावातल्या काही घरांनी लेकरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली. तोंडानं कुणी काही बोललं नाही. तसं बोलता येत नाही आता, कायदा आहे. महिनाभरानं लेकरंच कंटाळली आणि डबे बंद झाले. ताई हे सांगताना नाव कुणाचंच घ्यायची नाही. "माझ्या खिचडीनं हरवलं त्यायला," एवढंच.

पावसाळ्यात मोहरीच्या डब्याला ओल लागली. गोळ्या भिजल्या. तेव्हा चाचा म्हणाले, "बेटी, तुला अॅप्रन शिवून देतो. आतल्या अंगानं खिसा. बाहेरून कुणाला दिसायचा न्हाई." त्यांनी तिथंच टेपनं माप घेतलं.

त्याच बैठकीत मी पत्रकाचं काढलं.

मी हिंगोलीत एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. टायपिंग, लग्नपत्रिका, अर्ज. पत्रक तिथल्याच कॉम्प्युटरवर केलं, मालक जेवायला गेले की थोडं थोडं. गुलाबी कागद. वर मोठ्या अक्षरात 'आम्ही काम करतो!', उद्गारचिन्हासकट. खाली चार ओळी, नाव कुणाचंच नाही, फक्त काम आणि गाव. पहिली ओळ भाऊची. दुसरी ताईची. तिसरी चाचांची. चौथी 'एक कार्यकर्ती, हिंगोली.' त्याखाली फिट आली तर काय करावं याचे मुद्दे. एक, माणसाला कुशीवर वळवा. दोन, तोंडात काही कोंबू नका. तीन, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. चार, गोळ्या मनानं बंद करू नका.

छापायच्या आधी मी सगळ्यांना वाचून दाखवलं. ताईला दोनदा.

"गावात कळंल का गं?" तिनं विचारलं.

"नाव कुठंय त्यात, ताई? काम आणि गाव. नाव टाकायला मी काय येडी आहे?"

"पुन्हा वाच."

"शालेय पोषण आहार शिजवणारी. चार वर्षांत एकही फिट नाही."

"पोषण आहार शिजवणारी," ती स्वतःशी म्हणाली. "लई भारी वाटून राहिलं. कलेक्टर असल्यावानी." आणि मग, "ऱ्हाऊ दे."

भाऊनं कागद हातात घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "अन् ही कार्यकर्ती काय कार्य करती? झेरॉक्स काहून न्हाई लिवलं?"

"जागा पुरली नाही," मी म्हणाले.

जागा भरपूर होती. हिंगोलीत कार्यकर्त्यांची कमी नाही, त्या ओळीवरून मला कुणी ओळखणार नव्हतं. 'झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी मुलगी' लिहिलं असतं तर मालकानं ओळखलं असतं. मालकाला माहीत नव्हतं. तेवढी अक्कल मला स्वतःपुरती होती.

ताईच्या शाळेत जेवण शिजवणाऱ्या दोघीच. दुसरी साठीची म्हातारी. गावात सगळे एकमेकांना कामानंच ओळखतात. हा नियम मी बैठकीत मिरवत होते आणि तोच नियम गावात चालतो, हे मला सुचलं नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात मी स्वतः उभी राहून पत्रकं वाटली. त्यातलं एक तिच्या गावात कुणाच्या हातून गेलं माहीत नाही. माझ्याच हातून गेलं.

पुढच्या गोळ्यांच्या दिवशी ताई आली ती कट्ट्याच्या टोकाला बसली. काम सांगायची तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "मला सध्या काम न्हाई."

शाळेच्या समितीची बैठक झाली होती. अध्यक्षांनी गुलाबी कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, म्हातारी तर नसंल, मग कोण? सगळे ताईकडं बघायला लागले. उद्या ही कढईत पडली तर? लेकराच्या अन्नात हिच्या तोंडाचा फेस पडला तर? गावाला तिच्या हातचं न खायला आता छापील कारण मिळालं होतं, माझ्या टायपिंगमधलं. गुरुजी चवीची वही उघडून बसले होते. चार वर्षांच्या सह्या समोर होत्या. ते काहीच बोलले नाहीत.

आजार नाही असा डॉक्टरचा दाखला आण, असं समितीनं सांगितलं. डॉक्टरांनी खरं तेच लिहून दिलं, गोळ्यांनी आजार पूर्ण आटोक्यात आहे. समिती म्हणाली, गोळ्या चालू म्हणजे आजार चालू. महिन्यानं परत बोलावलंय. तोवर चावी जमा.

"आता घरी बी समदं कळलं," ताई म्हणाली. "सासू म्हणती, गोळ्या खाऊनच तुला आजार धरला."

मी उभी राहिले. निवेदन देऊ, म्हणाले. शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाऊ, शाळेसमोर बसू. "मी आज रात्रीच मसुदा करते."

ताईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. रागानं नाही. "तू आता काय बी लिवू नको, बाई."

चाचांनी पिशवीतून अॅप्रन काढला. निळा, आतून खिसा. ताईनं खिशात बोटं घालून बघितली, घडी केली आणि परत दिला. "ठेवा चाचा. कामावर परत घेतलं की नेईन."

भाऊ म्हणाला, "सांगून टाक की, गोळ्या सोडल्या म्हणून. अन् गुपचूप खात ऱ्हा. त्यायला काय पोटात दिसून राहिलं?"

"गुरुजीसमोर कसं खोटं बोलू? चार वर्सं त्यायच्यासमोर घास घेतला मी."

हे वाक्य तिनं आमच्या सगळ्यांच्या देखत म्हटलं. त्याचा अर्थ तिथंच कळायला हवा होता. मी ऐकलं, आणि ताई किती सरळ आहे असं मनात म्हणून निवेदनाचा पहिला परिच्छेद जुळवत बसले. 'महोदय, आम्ही आपणास विचारू इच्छितो की...' पत्रकातला चौथा मुद्दा माझाच होता. गोळ्या मनानं बंद करू नका. तो तिला तोंडानं सांगायचं मला सुचलं नाही.

फोन चाचांचा आला, सकाळी, दुकानात. मी कोणाच्या तरी जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढत होते.

ताई कॅनॉलवर धुणं धुवायला गेली होती. पाणी गुडघाभर. बाजूला दोघीतिघी होत्या, पण थोड्या लांब. ती पालथी पडली. पोहोचेपर्यंत वेळ गेला.

मी गेले तेव्हा दारात बाया बसल्या होत्या. एकीनं मला सगळं सांगितलं, समजावल्यासारखं. "लई केलं बाई आमी. काढल्या काढल्या चप्पल हुंगवली. कांदा फोडून लावला नाकाला. पर शुद्धीवर आलीच न्हाई." तिला वाटत होतं, माझं समाधान होईल.

त्या गावानं माझं पत्रक वाचलं होतं. दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं होतं.

नवरा भिंतीला टेकून बसला होता. मी दवाखान्यातली म्हणून त्यानं आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी आणून माझ्या हातात दिली. महिन्याच्या गोळ्या. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. "म्हणली व्हती, समितीपुढं खरं सांगायचंय, गोळी घेत न्हाई म्हणून. म्हणून सोडल्या. अन् ह्या दवाखान्यात वापस करायच्या, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील." त्यानं डोळे पुसले नाहीत, बोलतच राहिला. "मी बी म्हणलं, सोड. मलाच वाटून राहिलं व्हतं, बरी झाली ती."

समितीची बैठक चार दिवसांवर होती.

त्या गल्लीतून परत येताना शाळा लागली. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात पंगत बसलेली, म्हातारी एकटीच वाढत होती. एक लहान पोरगी ताटातून काहीतरी वेचून हातावर घेऊन उठली, चुलीच्या खोलीकडं गेली, आत डोकावली आणि तशीच उभी राहिली. मग तिनं तो खडा व्हरांड्याच्या कडेला नेऊन टाकला.

मी निवेदन लिहिलं नाही. लोक विचारतात, का नाही. गावावर लिहायचं, समितीवर लिहायचं, गुरुजींच्या गप्प बसण्यावर लिहायचं, सगळं खरं आहे आणि सगळं लिहिता येतं मला. पण कागद घेतला की वर त्या चार ओळी दिसतात आणि चौथी ओळ माझ्याकडं बघत असते.

पुढच्या गोळ्यांच्या दिवशी मी पिशवी खिडकीवर परत केली. मग कट्ट्यावर बसलो. कुणीतरी सुरुवात करायची म्हणून भाऊ म्हणाला, "मी जीपा भरतो." पुढं विनोद केला नाही. चाचा म्हणाले, "मी शिवतो." अॅप्रन त्यांच्या मांडीवर होता. तो कुणाला द्यावा हे त्यांना कळत नव्हतं, आणि आम्हालाही नाही. माझ्यावर पाळी आली आणि मला माझं काम सांगता येईना.

"ऱ्हाऊ दे बेटा," चाचा म्हणाले.

"न्हाई, बोलू द्या तिला," भाऊ म्हणाला. तो माझ्याकडं बघत नव्हता. "पर हितं नको. हितं आमाला समद्यायला ठावं हाय."

मी तिथून सरळ दुकानात गेले. मालक काउंटरवर लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. चांगला माणूस आहे. मला पोरी म्हणतात, डब्यातली भाजी काढून देतात.

"काहून गं पोरी, दर महिन्याला कुठं जाती तू अर्धा दिवस?"

"दवाखान्यात," मी म्हणाले. "मला फिट येतात. नववीपासून. तुमच्या कॉम्प्युटरवर मी एक पत्रक केलं होतं, त्यातली चौथी ओळ मी आहे."

सुतळी त्यांच्या हातात तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आधी माझ्या टेबलाशेजारच्या पेपर कटरकडं बघितलं, त्याच्या वर उचललेल्या पात्याकडं. मग उठले, आणि माझ्यासमोर ते पातं खाली केलं.